ताप चुकवणारा याकोब

याकोब आढाव दिवसाआड दुपारी लपून बसत असे. सावकाराला भिऊन नव्हे, बायकोला भिऊन तर मुळीच नव्हे. तो लपायचा तापाला भिऊन. कधी कॅनॉलच्या पुलाखाली, कधी उसाच्या रिकाम्या गाडीच्या आडोशाला, आणि एकदा तर मिशनच्या चर्चमध्ये, उपदेशाच्या मेजाखाली. त्या दुपारी पाद्रीसाहेब रविवारच्या उपदेशाची तालीम करायला आले होते. बोलता बोलता त्यांनी पाय पुढे सरकवला आणि बुटाला काहीतरी मऊ लागलं. वाकून पाहतात तर याकोब.

"इथं काय करतोस रे?"

"ताप येऊन भाईर उभा हाय, पाद्रीसाहेब. तुमी बोलत ऱ्हावा. ऐकून ऐकून कंटाळंल आनि जाईल."

मी फार बोलणारा माणूस नाही. याकोबबद्दल तर इतक्या वर्षांत घरातसुद्धा एक अक्षर बोललेलो नाही. आता पंचेचाळिशी उलटली, केस पांढरे झाले, तेव्हा म्हटलं सांगून टाकावं. त्याच्यासारखा माणूस लोकांना ठाऊक नसणं बरं नाही, आणि त्याच्याशी मी कसा वागलो ते झाकून त्याच्याविषयी लिहिणं त्याहून बरं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची, आमच्याकडे नुसती लढाई म्हणत, अखेरची वर्षं होती. नगर जिल्ह्याच्या आमच्या भागात आधी कॅनॉल आला, कॅनॉलमागून ऊस आला, उसामागून साखर कारखाना आला आणि सगळ्यांच्या मागून डास आले. हिवताप घरोघर. हा ताप वेळेचा मोठा पक्का. दिवसाआड यायचा, जेवणं उरकली की यायचा, आधी थंडीनं हाडं खिळखिळी करायचा, मग अंग भाजायचा, मग घामानं भिजवून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आपला ठणठणीत. आमच्या वस्त्यांवर अशी समजूत होती, की हा ताप माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या नावानं हुडकत येतो. त्या वेळेला माणूस भलत्याच जागी, भलत्याच नावानं बसला, तर ताप हात हलवत परत जातो. अट एकच. कुठे चाललो हे आधी कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की ताप ऐकतो. ताप सगळेच चुकवायचे, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान. पण याकोबइतक्या कलेनं कुणी चुकवत नसे.

तो कारखान्यात ऑइलमन होता. लांब नळीचं तेलाचं डबडं घेऊन उसाच्या चरकांभोवती फिरायचं आणि फिरत्या यंत्राला जिथे तिथे तेल घालायचं, हे त्याचं काम. उंच, काटकुळा, कानावर अर्धी विडी, कमरेला तेलकट फडकं. यंत्राशी तो सुनेशी बोलावं तसं बोलायचा. "काय गं, आज का कुरकुरतीस? दिलं की तेल, अजून काय तूप पायजे व्हय?" मी टाइम ऑफिसात क्लार्क. गेटजवळच्या खिडकीत बसायचं, कामगार आला की फळीवरचा त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला काढून हातात द्यायचा. बिल्ला फळीवरच राहिला, की माणूस गैरहजर. एवढंच माझं शास्त्र. खिडकीत मी त्याला 'काय रे याकोब' म्हणे. गेटबाहेर भेटला की 'याकोबभाऊ, तुम्ही'. त्याला याची गंमत वाटे. "भाऊसाहेब," तो म्हणायचा, "तुमची खिडकी लई खोटी हाय. तिच्या भाईर आलात का तुमी मानूस असता."

कारखान्याला दवाखाना नव्हता असं नाही. होता, आणि नियमही होता. आजारी कामगारानं डॉक्टरची चिठ्ठी आणली तर पगार नाही, पण जागा शाबूत. चिठ्ठी नसेल तर गैरहजर. अशा गैरहजेऱ्या साचल्या, की बिल्ला फळीवरून कायमचा उतरायचा. कागदावर नियम ठीकच दिसतो. गोम एवढीच, की दवाखाना सकाळी उघडे आणि दुपारी बंद होई.

याकोब चिठ्ठी मागायला गेला, तेव्हा मी तिथे हजेरीच्या कामाला गेलो होतो. डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं.

"कुठं आहे ताप?"

"वाटंवर असंल, साहेब. दुपारी पोचतो."

"मग दुपारी ये."

"दुपारी तुमी नसता."

"मग मी काय करू म्हणतोस?"

"तुमी आनि तापानं एकदा बसून वेळ ठरवून घ्या. मी तुमा दोघांच्या मधी येत न्हाई."

कंपाउंडर तोंड फिरवून हसला. चिठ्ठी काही मिळाली नाही.

हुडहुडी भरलेल्या माणसानं चरकापाशी उभं राहणं म्हणजे काय, हे मिल हाऊसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या हंगामात एका हेल्परची बोटं दातेरी चाकात गेली होती. याकोबनं फोरमनला विनवलं, की तापाच्या दुपारी मला आवारात झाडू द्या, पण यंत्रापाशी नको. फोरमन म्हणाला, ऑइलमननं झाडायचं तर झाडूवाल्यानं काय तेल घालायचं? तेव्हा याकोबला एकच उपाय उरला. ताप चुकवायचा. तो चुकला नाही, तरी निदान चाकात जाणारा हात चुकायचा.

आता माझं सांगतो. शेवगावच्या मामांचा निरोप आला, घोडेगावच्या बाजारात बैलजोडी घ्यायची आहे, तू ये. गळीत हंगाम ऐन भरात, रजा कोण देणार? मी सकाळी दवाखान्यात गेलो आणि थोडं कण्हलो. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं नाही, जीभ पाहिली नाही. क्लार्क माणूस, खोटं कशाला बोलेल? त्यांनी चिठ्ठी दिली, वर हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्याही दिल्या. लढाईमुळे त्या गोळ्या कामगारांना बघायलाही मिळत नव्हत्या. चिठ्ठी ऑफिसात दिली, गोळ्या खिशात टाकल्या आणि मी मोटार धरली. मोटारीत मागच्या बाकावर याकोब.

"भाऊसाहेब, तुमी?"

"मी आज आजारी आहे," मी हळूच म्हटलं.

"व्हय? मी पन." त्यानं सरकून जागा दिली. "या, बसा. आजारी मानसानं उभं ऱ्हाऊ नये."

मोटार सुटल्यावर त्यानं मला बेत सांगितला. आता निघालोच होतो म्हणून सांगायला हरकत नव्हती. घोडेगावच्या बैलबाजारात इतकी जनावरं, इतकी माणसं, की ताप चक्रावून जाईल. शिवाय आजच्या दिवसापुरतं त्याचं नाव गंगाराम. "याकोब म्हनलात तर घात हुईल," त्यानं बजावलं. मग माझ्या काळ्या टोपीकडे पाहिलं. "टोपी द्या तुमची. तापानं मला टोपीत कधी बगितलेलं न्हाई. विटाळली म्हनू नका, धुऊन देईन." मी दिली. त्याचं फडकं मी डोक्याला गुंडाळलं, आणि आम्ही दोघे आजारी बाजारात उतरलो.

मामा बैलांचे दात पाहण्यात गुंतले. याकोब खिलारांच्या एका दावणीच्या मधोमध जाऊन उकिडवा बसला, एका बैलाची गळ्याखालची पोळी खाजवत, विडी ओढत, राजासारखा. नेमकं त्याच वेळी कारखान्यात ऊस उतरतो त्या आमच्या केनयार्डचा सुपरवायझर तिथून गेला. त्यानं याकोबला पाहिलं, टोपीसकट ओळखलं आणि काही न बोलता पुढे गेला. मी तेव्हा दावणीपलीकडे होतो, त्याला दिसलो नाही.

जेवणवेळ टळली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात याकोबच्या तोंडातली विडी पडली.

"आलं बेनं," तो म्हणाला.

मग जे थरथरणं सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. मी व्यापाऱ्याची घोंगडी ओढून त्याच्यावर घातली, वर दुसरी घातली, तरी ती उडत होती. शेवटी मी घोंगडीवर आडवा पडलो. बैल माना वळवून आमच्याकडे पाहत होते. खालून दात वाजत होते आणि त्यातून आवाज येत होता, "गं... गंगाराम म्हना ना मोठ्यानं." मी भर बाजारात ओरडत होतो, गंगाराम, ए गंगाराम. एक शेतकरी थांबला आणि व्यापाऱ्याला विचारू लागला, घोंगडीखाली कंचं जनावर झाकलंय, विकायचं हाय का? याकोब तशातही म्हणाला, "किंमत इचारा त्याला."

घाम फुटल्यावर मी खिशातल्या गोळ्या त्याला दिल्या. त्यानं एक चावली आणि तोंड वाकडं केलं. "तुमचा ताप लई कडू हाय, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचं बोलणं मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं. कामगार आजारी म्हणतो आणि बाजारात टोपी घालून बैल बघत हिंडतो. शेरा पडला, 'कामावरून फरारी'. फळीवरचा बिल्ला काढायचं काम माझं. मी काढला. बोललो नाही. बोलायचं तर मी त्या दिवशी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं.

याकोब खिडकीशी आला. फळीवर त्याच्या नंबरचा नुसता खिळा होता.

"काय म्हनून काढलं?"

"फरारी म्हणून."

"फरारी मानूस परत येतो का? मी तर दर दिवसाआड परत येत हुतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बगा भाऊसाहेब, आजारी मानसाची जागा ऱ्हाते आनि फरारी मानसाची जाते. मंजी भांडन जागेचं न्हाई, शब्दाचं हाय. मला आजारी म्हना. मग बगू कोन काढतंय."

त्यानं आरडाओरडा केला नाही. त्याच्या पुढच्या तापाच्या दुपारी तो घोंगडी घेऊन आला आणि टाइम ऑफिसच्या व्हरांड्यात, मॅनेजरसाहेबांच्या दाराला लागून, झोपला. वेळ झाली तसा थरथरायला लागला. साहेबांची दुपारची डुलकी मोडली. हा काय तमाशा, म्हणून ते बाहेर आले. घोंगडीतून उत्तर गेलं, "घरी थरथरलो तर गैरहजर म्हनता, साहेब. म्हनून हजर ऱ्हाऊन थरथरतोय."

दोन-चार दुपारींत व्हरांडा भरला. केनयार्डचे, बॉयलरचे, गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकणारे, ज्यांना ज्यांना हिव होतं ते आपापली वाकळ घेऊन आपापल्या वेळेला येऊ लागले. याकोब मुकादमासारखा जागा लावून द्यायचा. "तुझी येळ अजून झाली न्हाई, बस तिकडं. शिरपत, तुझा उद्या ना? मग आज कशाला आलास?" एका गड्यानं उगीच अंग हलवायला सुरुवात केली, तर याकोबनं त्याची घोंगडी काढून घेतली. "खोटं थरथरायचं न्हाई. एक जरी लबाड निघाला, तर सगळ्यांचा ताप लबाड ठरतो."

मी खिडकीत बसून हे ऐकत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

इतक्या लोकांचे दात एकदम वाजायला लागल्यावर कौलंसुद्धा वाजतात असं वाटायचं. शेवटी साहेब नमले. दवाखाना दुपारीही उघडू लागला. तापाच्या माणसाला यंत्रापाशी उभं करायचं नाही असं ठरलं, आणि चिठ्ठी असेल तर त्याची जागा राहील हे गेटवर सर्वांना वाचून दाखवलं. वाचलं मीच. सगळ्यांना मिळालं, एकट्या याकोबला सोडून. त्याचं प्रकरण आधीचं आणि त्यात बैलबाजार. त्याची सुनावणी सरकारी लेबर ऑफिसरपुढे ठेवली.

ऑफिसर सभ्य माणूस होता. त्यानं सरळ विचारलं, "तुला घोडेगावात ताप भरला हे पाहणारा कुणी आहे का? एक साक्षीदार असला तरी पुरे."

खोलीत मॅनेजरसाहेब होते, सुपरवायझर होता, आणि हजेरीचे कागद छातीशी धरून मी उभा होतो. याकोबनं एकेकाकडे पाहत पाहत नजर माझ्यापर्यंत आणली. मी कागदांकडे पाहू लागलो.

"कोण होतं तुझ्याजवळ?"

"बैल हुते, साहेब," याकोब म्हणाला. "लई चांगल्या दावनीचे. पन त्यातला एक बी बोलंल असं वाटत न्हाई."

सगळे हसले. ऑफिसरही हसला. मीही हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

निकाल विरुद्ध गेला. 'फरारी' राहिला. बाहेर त्याची बायको राहेल झाडाखाली बसली होती. तिला घोडेगावचं सगळं माहीत होतं. ती मला कधी वावगं बोलली नाही. नुसती, गाव सोडेपर्यंत, भेटेल तिथे चौकशी करायची. किराणा दुकानात, कॅनॉलवर, चारचौघांत, अगदी मायेनं विचारायची, "भाऊसाहेब, तुमचा त्या दिवशीचा ताप उतरला का?" मी म्हणायचो, उतरला. ती म्हणायची, "जपा हो. असा ताप परत येतो."

मग ती दोघं वर धरणाकडे, राजूरला गेली. तिथे राहेलच्या मेहुण्याची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावरची. जाताना याकोब म्हणाला होता, "कॅनॉलचं पानी तिकडूनच सुटतं. डासांच्या आजोळी चाललोय, बगू कशी सरबराई करतात."

स्वातंत्र्य आलं, साहेब बदलले. नव्या मॅनेजरनं जाहीर केलं, की आजारपणात काढलेल्या जुन्या कामगारांची प्रकरणं, साक्षीदार असेल तर, पुन्हा ऐकू. पुढचं आधीच सांगून टाकतो. मी साक्ष दिली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझी बढती अडली ती अडलीच; घरी मी सांगितलं, की वशिला कमी पडला. 'फरारी' खोडून 'आजारी' झालं आणि याकोबला बोलावणं गेलं. तो आला, माझ्या हातून बिल्ला घेतला, एक पाळी चरकांना तेल घातलं, आणि संध्याकाळी बिल्ला खिडकीत ठेवून म्हणाला, "आता मी सोडतो. काढलेला मानूस येगळा आनि सोडलेला येगळा." दुसऱ्या दिवशी तो राजूरला परत गेला. त्यानंतर आमची भेट नाही. पुढे काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. तापानं नव्हे, म्हातारपणानंही नव्हे. गिरणीच्या दारात बसल्या बसल्या, गप्पा मारता मारता.

पण साक्ष द्यायच्या आधी मी राजूरला गेलो होतो, ते राहिलं. त्याला विचारल्याशिवाय, त्याच्यापुढे आधी कबूल केल्याशिवाय साहेबांपुढे उभं राहणं मला जमेना. बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया भात, नागली, वरई घेऊन गिरणीपुढे रांगेत बसलेल्या. इंजिनाची धडधड अशी, की छातीत घुमावी. याकोब पांढराफटक, भुवयांवर पीठ. मला पाहून हसला आणि पोत्याकडे हात केला, बसा.

मी बसलो नाही. रस्ताभर घोकलेलं वाक्य त्याच्या कानाशी जाऊन बोललो.

त्यानं कानावर हात ठेवून मान हलवली. "काय? इंजन लई वाजतंय. मोठ्यानं."

मी मोठ्यानं बोललो. त्यानं पुन्हा मान हलवली, आणि एका बाईची पाटी चक्कीच्या तोंडात ओतली. "अजून मोठ्यानं बोला, भाऊसाहेब. इथं लाजायचं न्हाई, कुनाला ऐकू जात न्हाई."

त्याचा एक हात पाठीमागे इंजिनाच्या तेलाच्या कॉकवर कधी गेला, ते मला दिसलं नाही. इंजिन किती दमात बंद पडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी छाती भरून घेतली आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "याकोबभाऊ, त्या दिवशी आजारी तुम्ही होता, मी खोटा आजारी होतो, आणि तुमची जागा जाताना मी तोंड उघडलं नाही."

शेवटच्या तीन-चार शब्दांच्या वेळी इंजिन थांबलेलं होतं. पट्टा हळूहळू निवत होता. सगळी रांग माझ्याकडे पाहत होती. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बया, कोन म्हनायचा हा?" दुसरीनं तोंडाला पदर लावला. कुणाची तरी कोंबडी पिठात चोच मारत होती, तेवढाच आवाज.

याकोबनं फडक्यानं भुवया पुसल्या, जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. पांढरा पंजा उमटला कोटावर.

"मला पयल्याच खेपेला ऐकू आलं हुतं," तो म्हणाला.